औषधखोलीतली मांडामांड

अडावदच्या दवाखान्यात मी रुजू झाले
तेव्हा औषधखोलीत इंग्रजी बाराखडी नांदत होती.
ए खिडकीशी, झेड दारामागं.
हिलाल तात्यांनी बत्तीस वर्षं सांभाळलेली,
फळीफळीला त्यांच्या हातची चिठ्ठी,
निळी शाई, कोपऱ्यात डिंकाचा पिवळा डाग.
इतकं नीट, की बोट लावायची भीती वाटावी.

मग वैशाखातली एक रात्र.
लाइट गेलेली.
केळीच्या बागेतून एका मोटारसायकलवर चौघं आले,
मधे सहा वर्षांचा पोरगा,
घामानं निथळणारा, तळहात गार.
"आंडोरले इच्चू चावना वो बाई."

प्राझोसिन पी मध्ये.
पी म्हणजे खालून दुसरी फळी,
पॅरासिटामॉलच्या अकरा खोक्यांच्या मागं.
मोबाइल दातांत धरून मी खोकी उपसत होते
आणि बाहेर कोकिळा सिस्टर नाडी मोजत होती,
मोठ्यानं,
मला ऐकू जावी म्हणून.

पहाटे पोरगा चहात बिस्कीट बुडवत बसला होता.
मी मात्र अजून त्या खोक्यांतच होते.
विंचवाला कुठं येते बाराखडी?

रविवारी सायबू तडवीला हाक मारली.
सगळं ओसरीवर काढलं,
इतकं, की पाणी भरायला निघालेल्या बायका
थबकून विचारायला लागल्या, बदली झाली का?

औषधांकडं नाही, दाराकडं बघत बसले.
कोण धावत येतं? कोणाला उचलून आणतात?
कोण सावकाश येतं, आधी पाऊसपाण्याचं बोलतं
आणि मग सांगतं, गुडघा दुखतो?
गुडघा गेला आत, खिडकीपाशी, त्याला वेळ आहे.
विंचू आला उंबऱ्याशी, छातीच्या उंचीला,
अंधारात तीन पावलं आणि उजवा हात.

सर्पदंशाची लस फ्रिजमध्ये,
आणि फ्रिज लांबच्या कोपऱ्यात,
का, तर प्लग तिथं.
वायरमनला एकशे चाळीस रुपये दिले.
ते कुठल्या खात्यात टाकायचे, अजून कळलेलं नाही.

चुकलेही.
डोळ्यांचे थेंब आणि कानाचे शेजारी ठेवले,
दुसऱ्या दिवशी उचलले, घाम फुटून.
सिस्टर तर पंधरा दिवस
टाक्यांच्या दोऱ्यासाठी जुन्याच कोपऱ्यात जायची,
रिकाम्या फळीवर हात फिरवून स्वतःशीच हसायची.
हाताला कोण समजावणार.

आता फळ्या शेताकडं बघून सरकतात.
कपाशीवर फवारणी सुरू झाली की अ‍ॅट्रोपिन पुढं,
उन्हं तापली की मीठ-साखरेची पाकिटं,
केळीची कापणी असली की धनुर्वाताची सुई.
जळगावहून साहेब आले तपासणीला.
म्हणाले, हे कुठल्या क्रमानं?
म्हटलं, घाईच्या.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
पत्र अजून आलेलं नाही.

सात तारखेला तात्या आले, बीपीच्या गोळ्यांना.
सवयीनं थेट आत, थेट ए पाशी.
तिथं कापसाच्या गुंडाळ्या.
मी काहीबाही सांगायला लागले,
चिठ्ठ्या जपून ठेवल्यात वगैरे.
त्यांनी ऐकलं नाही.
खोलीभर एक चक्कर मारली,
विंचवाच्या फळीपुढं उभं राहून हात लांबवून बघितला,
म्हणाले,
"मी ऊनू तवय सगळं पोतामा व्हतं."

बाराखडी म्हणजे
त्यांनी पोत्यातून वर काढलेला दवाखाना होता.
हे मला त्या रविवारी सुचलं नव्हतं.

एका किल्लीला तेवढी जागा सापडली नाही.
पितळी, जड, कुठल्याच कुलपाला न बसणारी,
झेडच्या मागं खिळ्याला सापडली होती.
तात्यांपुढं धरली.
त्यांनी उलटसुलट केली, माझ्या हातात परत ठेवली.
"माले बी अशीच भेटनी व्हती."